पिवळ्यांचे अठ्ठावीस तास

लढाऊ विमानांची इंजिनं बनवणाऱ्या त्या संस्थेत सव्वाशे शास्त्रज्ञ होते, पण देशाची प्रगती कुठवर आली हे पाहायला सगळे पट्टीकाकांकडे जायचे. काका शास्त्रज्ञ नव्हते, साधे कारकून होते. पहिल्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमधला तुलनेचा फळा त्यांच्या ताब्यात होता. ज्या देशाचं इंजिन पूर्ण जोरावर सलग जितके तास चाललं, तितके सेंटिमीटर लांब रंगीत पट्टी त्यावर चिकटवायची, हे त्यांचं काम. देशांची नावं लिहायला साहेबांची मनाई, म्हणून नुसते रंग. निळ्यांची पट्टी फळा संपवून भिंतीवर चढली आणि भिंत संपली तशी छतावर वळली. ती पाहताना साहेबांची मान अशी अवघडली की आठवडाभर ते सगळ्यांशी तिरकंच बोलले. हिरवे काहीच कळू देत नसत, त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. पिवळे अठ्ठावीस सेंटिमीटर. आपण लाल, साडेएकवीस.

पाहुणे यायचे होते तेव्हा साहेबांनी एकदा सुचवलं होतं, "काका, आपली पट्टी तळाऐवजी जरा वरून सुरू केली तर?"

"करू की. इंजिनही विसाव्या तासापासूनच सुरू करा."

असा हा माणूस. एका मिलिमीटरचंही खोटं त्यांच्या हातून व्हायचं नाही. घरीसुद्धा तीच तऱ्हा. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून ते आपल्या कुकरची प्रगती सांगत, आणि बायको म्हणे, "तुम्ही मोजत बसा, मी जेवून घेते."

त्या शुक्रवारी काका निवृत्त होणार होते. निळ्यांना गाठायचं स्वप्न त्यांनी कधी पाहिलं नाही. पण पिवळ्यांना एकदा तरी मागे टाकावं आणि ती पट्टी आपल्या हाताने चिकटवून मग घरी जावं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. नशिबाने गुरुवारी सकाळी सहाला नवं इंजिन चाचणीला लागलं होतं. चाचणीच्या प्रमुख बाई तेव्हापासून काचेआड बसून होत्या, आणि इंजिन चक्क चालत होतं.

शुक्रवारी नऊच्या सुमारास काका कपाट आवरायला बसले. हाताला एकोणीस वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी लागली. परदेशी मासिकं वाचणाऱ्या कात्रणवाल्या बाई तेव्हा चिठ्ठीवर बातमी लिहून पाठवत. चिठ्ठीवर होतं, 'पिवळे. नवीन इंजिन. सलग चाचणी ता. २८'. जिच्यावरून पिवळी पट्टी चिकटवली ती हीच, म्हणत काकांनी कौतुकाने चिठ्ठी उलटली. मागे लिहिलं होतं, 'रोजी. अकरा मिनिटांत बंद. शेडची भिंत पडली.'

काकांनी चिठ्ठी पुन्हा पुढून वाचली. 'ता.' म्हणजे तास नव्हे, तारीख! पिवळ्यांनी पुढे काहीच जाहीर केलं नाही, तेव्हा सगळी संस्था म्हणाली, लबाड आहेत, लपवतात. बिचारे भिंत बांधत असतील.

काका तसेच चाचणीच्या शेडकडे पळाले. घड्याळ सत्तावीस तास वीस मिनिटं दाखवत होतं. इंजिनाची थरथर वाढली होती आणि चाचणीच्या बाईंचा हात बंद करायच्या बटणाजवळच होता.

"बाई, बंद करा! उगाच मोडेल. आपण कधीचेच पुढे आहोत," म्हणत त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "चूक माझी. मी मागची बाजू कधी पाहिलीच नाही."

बाईंनी पुढची बाजू वाचली, मागची वाचली. मग त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "अहो काका, या अठ्ठावीसपायी आम्ही पाती तीनदा बदलली! साहेबांनी तर सुट्ट्याच बंद केल्या!"

"माहीत आहे हो. लाज वाटते मला," काका म्हणाले. खरंच वाटत होती, कानशिलं तापली होती.

"मग गप्प बसा तिथे. पिवळे गेले खड्ड्यात. आता तुमच्या चुकीला मागे टाकायचंय." बाईंनी बटणाजवळचा हात काढून घेतला.

इंजिन अठ्ठावीस तास चार मिनिटं चाललं, मग एक मोठा खोकला काढून थांबलं. शेडमध्ये एकच जल्लोष झाला. काकांनी पिवळी पट्टी खरवडून काढली आणि अकरा मिनिटांचा दोन मिलिमीटरांचा तुकडा चिकटवला. मग लाल पट्टी अठ्ठावीसच्या किंचित वर नेली. निरोपाच्या चहाला त्यांनी सगळ्यांसमोर चिठ्ठी वाचून दाखवली आणि माफी मागितली. साहेबांना आपण नक्की कितवे हेच कळेना, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

निघताना बाई फाटकापर्यंत सोबत आल्या.

"काका, एक मागू? जायच्या आधी आणखी एक चूक करून जा. पन्नासाच्या आसपासची."

काकांनी मान हलवली. "मुद्दाम केलेली चूक नसते बाई, ते खोटं असतं."

"मग आम्ही कुणाच्या मागे धावायचं?"

काकांनी पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाले, "बातम्यांच्या चिठ्ठ्या अजूनही हातानेच लिहितात ना? माझ्या जागी येईल त्याला चिठ्ठीची मागची बाजूही पाहायची असते, एवढं फक्त सांगू नका."