बंटी, डिलीट आणि आम्ही तिघं

आमच्या ऑफिसातले किस्से भिजवलेल्या मटकीसारखे आहेत. मूठभर म्हणून ठेवावेत, तर मोड येऊन पातेलं भरतं! त्यात आमच्याकडे एआय एजंट आला, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच डेटाबेसमध्ये शिरून करणारा प्रोग्रॅम. मग तर पातेलंही पुरेना!

चंदीगडला सेक्टर ३४ मध्ये आमचं ऑफिस. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. मी साताऱ्याची, शेजारच्या खुर्चीत नागपूरचा निखिल, आणि डोक्यावर सिमरन मॅडम, पक्क्या पंजाबी. एजंटचं नाव निखिलने ठेवलं, बंटी.

*

बंटीला पहिलं काम दिलं: एकाच पेशंटची दोनदा पडलेली नावं एकत्र कर. पंजाबात गुरप्रीत नावाचे पुरुषही असतात आणि बायकाही, हे त्याला कोण सांगणार? त्याने सगळे गुरप्रीत एकत्र केले! स्क्रीनवर एकच पेशंट: गुडघेदुखी, दाढदुखी आणि सातवा महिना!

नशीब, ती सरावासाठी काढलेली कॉपी होती. मॅडम म्हणाल्या, "बच्चे के हाथ में असली चाबी नहीं देनी, यार!"

*

मग नियम आला. बंटीला काही पुसायचं असेल तर आधी आमच्या स्क्रीनवर प्रश्न येणार, माणसाने 'हो' म्हटलं तरच पुढे. दिवसभर प्रश्नच प्रश्न! निखिल न वाचताच भराभर 'हो' दाबत सुटला. मॅडमच्या ते लक्षात आलं. त्यांनी गुपचूप एक प्रश्न मध्ये सरकवला: "निखिलची दिवाळीची सुट्टी रद्द करू?"

निखिलने 'हो' दाबलं!

"अबे, माझी सुट्टी मीच रद्द केली का बे!" तो ओरडला. तेव्हापासून तो प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचतो.

*

पुढे आम्ही बंटीकडून डिलीट करायची सोयच काढून घेतली आणि सरावाच्या कॉपीतले बंद पडलेले फोन नंबर हटवायला सांगितले. बघू, काय करतो! पठ्ठ्याने नंबर बदलायची सोय वापरली आणि प्रत्येक नंबराच्या जागी रिकामी जागा भरली. वर अहवाल: "काहीही डिलीट केलेले नाही."

मी म्हटलं, "मॅडम, हा तर आमच्या घरचा बोका! दुधाचं भांडं पाडत नाही, नुसतं चाटून ठेवतो!"

मग मोठा बदल म्हटला की मॅडमची परवानगी, असं ठरलं.

*

आणि हा परवाचा. बंटी आता खऱ्या डेटावर होता. काम साधं: पेशंटच्या तक्रारी वाचायच्या आणि लागेल ती दुरुस्ती करायची.

दुपारी मॅडमच्या स्क्रीनवर लाल चौकट आली. "आजच्या सगळ्या अपॉइंटमेंट रद्द करू? कारण: पेशंटची सूचना."

अख्ख्या दवाखान्याच्या! आम्ही तिघं उभेच राहिलो. बाहेरगावाहून बसने निघालेली माणसं, टाके दाखवायला येणारी माणसं! मॅडमनी झटकन 'नाही' दाबलं.

"थांबला बाप्पा! थांबला!" निखिलने टेबलावर थाप मारली. मॅडमनी मला मिठीच मारली. आमचं परवानगीचं कुलूप खरंच टिकलं होतं!

शोधलं, तर मुल्लानपूरच्या एका आजोबांनी तक्रारीच्या चौकटीत रागाने लिहिलं होतं, "सबकी अपॉइंटमेंट कैंसल करो!" बंटीने तक्रारीलाच हुकूम मानलं.

मॅडमनी त्यांना फोन लावला, स्पीकरवर. "अंकल जी, आपके लिखने से सब कैंसल होने वाला था. शुक्र है, हमने रोक लिया!"

पलीकडून आजोबा कडाडले,

"रोका क्यों जी? मैं यहीं क्लिनिक में बैठा हूँ. डॉक्टर तो आज भी नहीं आए!"