चित्रावर मारलेला चुना

मी आणि माझ्या घरचीनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चुना गाळणं. एका लग्नघरी सफेदी करायची होती. कळीचा चुना दोन दिवस पिंपात भिजत पडला होता. जुन्या लुगड्याचं फडकं ती डब्यावर ताणून धरायची आणि मी वरून ओतायचो. बत्तीस वर्षं असंच चाललं. कमर दुखते म्हणाली. मी म्हणालो, माहीबी दुखते.

गाळता गाळता तिनं विचारलं, "तुमी गेले नाही न अमरावतीले?"

"जाईन म्हनलं न."

"आठ दिस झाले, तुमचं जाईनच चालू हाये."

मी डबा उचलून दुसरीकडं ठेवला.

गोष्ट अशी. मी चौथी शिकलेला, सफेदीचं काम करणारा माणूस. अकोल्याच्या जुन्या शहरात राहायचो. हे साठ सालानंतरचं सांगतो. दिवाळीच्या सुटीत मोर्णा नदीपलीकडच्या एका शाळेच्या हॉलात दोन पोरांनी आपल्या चित्रांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. एक इथलाच. दुसरा अमरावतीचा, बाप शिंपी, दुकान अंबागेटाजवळ, एवढं त्याच्या बोलण्यातून कळलं होतं. दोघं नागपूरले एका खोलीत राहून शिकले, एका ताटात जेवले. भिंती रंगवायचं काम माझ्याकडं आलं. पण त्यांना पांढऱ्या भिंती नको होत्या.

"पांढऱ्यावर आमची चित्रं मरतात, काका," अमरावतीचा म्हणाला. "फिकी राखाडी करा."

"राखाडी भिंत तं मसनातबी नसते, बापा," माझी घरची म्हणाली. दोघं पोट धरून हसले. तेव्हापासून ते तिला मावशी म्हणायले लागले.

चुन्याचं असं असतं की ओला रंग एक दिसतो, वाळल्यावर दुसरा. म्हणून भिंतीला हात घालायच्या आधी फळीवर पट्टा मारून पाहावा लागतो. पट्टा मी मारायचा आणि वाळल्यावर लांब उभं राहून पाहायचं तिनं. नीळ कमी करा, काजळी वाढवा, हे ती सांगायची. माझ्या डोळ्यावर माझा भरवसा नव्हता, तिच्या डोळ्यावर होता. प्रत्येक सफेदीवाल्याजवळ अशी एक फळी असते, पट्ट्याशेजारी पट्टे मारलेली. आमची फळी त्या दिवशी घरी राहिली. हॉलाच्या कोपऱ्यात एक फळी टेकवलेली दिसली. तिच्यावर पिवळे, गेरूसारखे, राखेसारखे आडवेउभे पट्टे. मी समजलो, आधीच्या कोण्या कारागिराची असेल. खालचा कोपरा मोकळा होता. तिथं वीतभर पट्टा मारला. वाळला. ती मागं सरून म्हणाली, "थोडी काजळी अजून." फळी होती तिथं ठेवली आणि दोन दिवसांत हॉल करून दिला.

प्रदर्शन सुरू झालं त्या दिवशी ती म्हणाली, आपल्या भिंती तं पाहून येऊ. धुतलेलं लुगडं नेसली. आत गेलो तर समोरच्या भिंतीवर, बरोबर मधात, ती फळी टांगलेली. ते अमरावतीच्या पोराचं चित्र होतं. माणूस नाही, झाड नाही, नुसते पट्टे, आणि खाली माझा. टांगायच्या घाईत कोणाच्या ध्यानात आलं नसावं. आता आलं होतं. पाहायला आलेले लोक चित्रं सोडून त्या दोघांकडं पाहत होते, कारण दोघं भांडत होते.

"तूच केलं बे हे," अमरावतीचा म्हणत होता. "नागपूरपासून म्हणून राहिला, कोपरा रिकामा दिसते, कोपरा रिकामा दिसते."

"म्हनलं होतं. हात नाही लावला."

"मग भुतानं लावला?"

"आईशप्पथ, मी नाही लावला."

"शपथ नको खाऊ. तुले माहं काम कधी पाहवलंच नाही."

माझ्या घरचीनं माझा सदरा धरला. "सांगा न," ती हळू म्हणाली. तिथं मास्तर उभे होते, वकील उभे होते. माझी जीभ उचलली नाही. चित्राला फळी समजला म्हणून हसतील, एवढंच भेव. दुसरं काही नाही. जवळून पाहिलं तेव्हा कळलं होतं की खाली तेलाचा रंग आहे आणि वर नुसता चुना. ओल्या फडक्यानं दोन मिनिटांत निघाला असता. ती स्वतः बोलली असती, पण नवऱ्याची चूक चारचौघांत सांगायची नाही ही तिची रीत.

त्याच संध्याकाळी अमरावतीच्या पोरानं आपली चित्रं उतरवली, चादरीत बांधली आणि एस.टी. धरली. अर्धा हॉल रिकामा झाला.

घरी परतताना पुलावर ती म्हणाली, "पोराचं पोराशी तुटलं, अन् आपल्या कुंच्यानं तुटलं. अमरावतीले जाऊन सांगून या."

"अकोल्याचा हाये न इथं. त्याले सांगतो."

"त्याले काय सांगता? त्यानं नाही केलं हे त्याले ठाऊकच हाये. ज्याले वाटते त्याले सांगा."

हे खरं होतं. म्हणून मी कोणालाच सांगितलं नाही. रोज उद्यावर टाकलं.

तर त्या दिवशी चुना गाळून झाला. तिनं हात धुतले, भाकरी टाकल्या. जेवलो, झोपलो. सकाळी मी उठलो, ती उठली नाही. डॉक्टर आला आणि हृदय बंद पडलं म्हणाला. दुपारपर्यंत माणसं जमली. संध्याकाळी जाळून आलो. त्याचं जास्त मला लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं अमरावतीले निघालो. भावजय दारात आडवी आली.

"माणूस जाऊन एक दिस नाही झाला अन् तुमी कुठी चालले? सुतक तं पाळा."

"धम्माची दीक्षा घेतली तवाच सोडलं आपण सुतक."

"लोकायनं नाही सोडलं."

मी गेलो. अंबागेटाजवळ विचारत विचारत दुकान सापडलं. मागच्या ओट्यावर पोरगा नुसता बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पट्टा मी मारला, फळी समजून मारला, तुह्या दोस्तानं हात लावला नाही.

त्यानं मान वर केली. "तवाच काहून नाही सांगतलं, काका?"

"लाज वाटली."

"मी त्याले काय काय बोललो, माहीत हाये तुमाले?"

"ऐकलं. तिथंच होतो."

"मावशीबी होत्या. त्याईनं तरी सांगायचं."

"ती आठ दिस मलेच सांगून राहिली होती. काल गेली ती."

तो उठला. आत जाऊन फळी आणि ओलं फडकं घेऊन आला. फडकं माझ्या हातात दिलं. मी पुसलं. पट्टा निघाला, कडेची एक फिकी रेघ काही निघेना. इतक्या दिवसांत चुना धरतो.

"राहू द्या ते," तो म्हणाला. मग आईला हाक मारली, "मले वाढ वं, मी अकोल्याले चाललो." आणि मला विचारलं, "गाडी कितीले हाये?"

"साडेदहाले."

तो जेवेपर्यंत मी ओट्यावर टेकलो. त्याच्या आईनं न विचारता मलाही भाकर आणि वांग्याची भाजी आणून दिली. परवाच्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. खाल्ली.