अकराव्या वळणावरची साक्ष

शनिवारी दुपारी सव्वाचार वाजता कवळीकर खालच्या कवळीचे दोन तुकडे एकमेकांना लावून खिडकीच्या उजेडात बघत होते. तडा बरोबर मधोमध गेला होता. सोबतच्या चिठ्ठीवर दवाखान्यातल्या बाईंनी लिहिलं होतं, 'धुताना बेसिनमध्ये पडली. आजच हवी, साडेसहाच्या आत. उद्या पहाटे पेशंटला बोलायचं आहे.' खाली पेशंटचं नाव होतं. ते वाचायची गरज नव्हती. या जबड्याचा प्लास्टरचा साचा सात वर्षं त्यांच्या फळीवर पडून होता.

पेशंटला कुठे बोलायचं आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. सकाळी सहाला टेकडीच्या पायथ्याशी सायकल मंडळाची बैठक होती आणि तिच्यापुढे एकच विषय होता: कवळीकरांचं नाव फळ्यावर ठेवायचं की पुसायचं.

कवळीकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव मंडळात कुणाला आठवत नाही. बावीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी कुणी तरी विचारलं, काय करता? ते म्हणाले, कवळ्या. तेव्हापासून कवळीकर. वय एकोणसाठ. दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत संसार, मागच्या खोलीत लांब टेबल, त्यावर मेणाच्या पट्ट्या, प्लास्टरचे जबडे, घासायची मोटर, आणि खिडकीत जगातल्या कुठल्याही घरात न शोभणारी दातांची रांग. सहा दवाखान्यांचं काम त्यांच्याकडे येतं. त्यातलं एक तृतीयांश या एकाच दवाखान्याचं.

हा जबडा सरांचा होता. सर म्हणजे कवायतीचे निवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट, मंडळाचे प्रमुख. पाठ अजून खांबासारखी. रविवारी वर पोचल्यावर ते खिशातला चाकू काढून फळाच्या फोडी करून खातात आणि म्हणतात, "चावून खाल्लं तर दाढीला रस लागतो." बाकीचे त्याला शिस्त म्हणतात. कवळीकरांना चाकूचं कारण माहीत आहे. सरांना मात्र माहीत नाही की कवळीकरांना माहीत आहे. पुष्कळांसारखं त्यांनाही वाटतं की दात दवाखान्यातच बनतात.

कवळीकरांनी दोन्ही तुकडे चिकट मेणानं जोडले, मागून प्लास्टर ओतलं, ते घट्ट होईपर्यंत हात धुऊन चहा प्यायले. मग तड्याच्या कडा खरवडून त्यात गुलाबी पावडर आणि द्राव भरला आणि सगळं गरम पाण्याच्या बंद भांड्यात ठेवून दिलं. वीस मिनिटं. या वीस मिनिटांत करण्यासारखं काही नसतं, म्हणून माणूस विचार करतो.

मंडळाचा नियम सोपा आहे. टेकडीला अकरा वळणं आहेत. पायथ्यापासून अकराव्या वळणापर्यंत पाय जमिनीला न लावता जो चढतो, त्यानं वर पोचल्यावर मोठ्यानं म्हणायचं, "पाय टेकला नाही." आधी पोचलेल्यांनी उत्तर द्यायचं, "बघितलं." खरं तर कुणीच काही बघितलेलं नसतं, कारण एका वळणावरून दुसरं दिसत नाही. पण ही साक्ष मिळाल्याशिवाय चढ मोजला जात नाही. आणि आजारपण सोडलं तर, महिन्यात एक तरी चढ ज्याचा मोजला गेला, त्याचंच नाव पायथ्याच्या चहाच्या दुकानातल्या काळ्या फळ्यावर राहतं. फळ्यावरची चौदाही नावं कवळीकरांच्या अक्षरात आहेत. दातांच्या कामामुळे हात कापत नाही, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं.

मंडळाच्या वहीतला मोटरचा नियमही त्यांच्याच अक्षरात आहे. पाच वर्षांपूर्वी औषधांच्या दुकानवाल्या बाई विजेवर चालणारी डोंगरी सायकल घेऊन आल्या. त्यांचा गुडघा झिजला होता. तोवर नऊ वर्षं त्या साध्या सायकलीवर चढल्या होत्या. त्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी वर पोचल्या आणि हसत म्हणाल्या, "पाय टेकला नाही." कवळीकर म्हणाले, "टेकेल कशाला? पाय घरी ठेवून आलात ना." खूप हशा झाला. पुढच्या रविवारी त्यांनी गुलाबी मेणाचा एक प्लग बनवून आणला, अगदी खऱ्यासारखा, दोन पिना आणि मागे वायरचं शेपूट, आणि बाईंच्या सीटखाली चिकटवला. बाई संपूर्ण उतार तो घेऊन उतरल्या. त्यांचं नाव प्लग पडलं. त्याच आठवड्यात कवळीकरांनी वहीत लिहिलं: 'मोटर आली की माणूस गेला. मोटरवाल्याला बघितलं म्हणू नये.' सरांनी वाक्य वाचून पाठ थोपटली होती. बाई गेल्या. त्यांच्याबरोबर आणखी दोघी गेल्या.

चार महिन्यांपूर्वी कवळीकरांचा खालचा जबडा डावीकडे दुखू लागला. एकतीस वर्षं दातांत काढलेल्या माणसाला जबडा दुखला की दाढच आठवणार. दोन दिवस ते लवंगेचं तेल लावत बसले. तिसऱ्या दिवशी टेबलावरच कोसळले. दाढेत काही नव्हतं. बिघाड हृदयात होता. दोन स्टेंट बसवून घरी आले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवा, चढही चढा, पण नाडी एकशे वीसच्या वर नको आणि एकटे नको. पहिल्या अटीसाठी मोटरची सायकल आली. दुसऱ्या अटीवर बायको पहारा देत होती. ती पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून आहे आणि अटी तिला तोंडपाठ असतात. ती म्हणाली, "माणसं बरोबर असतील तर जा. नसतील तर टेकडी विसरा. मला वळणावळणावर शोधायला लावू नका."

म्हणजे मंडळानं नाव पुसलं, की टेकडी संपली.

त्यांना वाटलं होतं, नम्रपणे वागलं तर निभेल. पुढे जायचं नाही, कुणाला मागे टाकायचं नाही. म्हणून पहिल्या रविवारपासून ते मोटरचा जोर सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवून सगळ्यांच्या मागे चढू लागले. इथेच चूक झाली. मंडळात सगळ्यात मागची जागा मोकळी नव्हती. ती गोदामची होती. गोदाम हा विमा कचेरीतला वजनदार माणूस, अकरा वर्षं शेवटून पहिला. तो वर पोचला की सगळे उठून उभे राहत आणि "बघितलं" सगळ्यात मोठ्यानं त्यालाच मिळे. आता त्याच्या मागे चार हातांवर एक मोटर बारीक गुणगुणत येऊ लागली. तो धापा टाकी आणि मागचा माणूस नाकानं सावकाश श्वास घेई. पाच रविवार त्यानं सोसलं. गेल्या रविवारी अकराव्या वळणावर तो सायकल आडवी टाकून म्हणाला, "मी काय म्हैस आहे? मागून हाकत आणतोय मला."

"अरे, मी तुझ्यासाठीच मागे राहतो," कवळीकर म्हणाले.

"माझ्यासाठी? मी मागे राहतो कारण मला पुढे जाता येत नाही. तू मागे राहतोस कारण तुला सोंग करता येतं."

कुणी हसलं नाही. मग सवयीनं कवळीकर म्हणाले, "पाय टेकला नाही." आधीचे पाच रविवार दोघे-तिघे तरी पुटपुटले होते. या वेळी बारा माणसं आपापल्या बाटल्यांची बुचं बघत राहिली. सरांनी फळाची फोड केली, ती तोंडात टाकली आणि सावकाश चावली. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी चढ नाही. खाली बैठक."

भांड्याची वीस मिनिटं झाली. कवळीकरांनी कवळी काढली, घासली, दगडाच्या भुकटीनं आणि मग पांढऱ्या पॉलिशनं चमकवली. जोड बोटाला लागत नव्हता. शनिवारी कचेरी लवकर सुटते, बायको आली होती. तिनं चिठ्ठी वाचली आणि कवळीकडे बघितलं.

"हेच उद्या तुम्हाला काढणार?"

"हं."

"मग सोमवारी द्यायची. गाडी बंद पडली, वीज गेली, काहीही सांगा. तोंड बंद राहील त्यांचं."

"दवाखाना काम दुसरीकडे देईल."

"मग उद्या सांगून तरी टाका सगळ्यांसमोर."

"तरीही देईल."

यात मोठेपण नव्हतं. या धंद्यात कुणाच्या तोंडात काय आहे हे जो बोलतो, त्याच्याकडे दुसरं तोंड येत नाही. सव्वासहाला त्यांनी डबी दवाखान्यात पोचवली.

रविवारी सहाला चौदाही जण चहाच्या दुकानात होते. कवळीकर सायकल घेऊन आले होते. ती त्यांनी बाहेर भिंतीला लावली, तिथे साध्या सायकलींनी तिच्यासाठी जरा जास्तच जागा सोडली होती. सर उभे राहिले. आवाज खणखणीत. एकही शब्द घसरला नाही. कवळीकरांनी ते आधी ऐकलं आणि अर्थ मागाहून.

"आजाराबद्दल सहानुभूती आहे," सर म्हणाले. "पण मंडळ म्हणजे रुग्णालय नाही. इथे प्रत्येक जण स्वतःच्या अंगाच्या बळावर चढतो. माझंच बघा. अडुसष्ट पुरे झाले. गुडघे माझे, फुफ्फुसं माझी, बत्तीसच्या बत्तीस दात माझे. काही उसनं आणलेलं नाही."

दोघा-तिघांनी मान डोलावली. कवळीकर सरांच्या तोंडाकडे बघत होते. मधली रेषा बरोबर आली होती. डावीकडचा एक दात केसभर वर होता. तो आधीपासूनच तसा होता.

"सर, मी मोटर खालच्या पायरीवरच ठेवतो," ते म्हणाले. "नाडी वाढू द्यायची नाही, एवढंच आहे. मोजू नका माझा चढ. फक्त बरोबर येऊ द्या."

"बरोबर म्हणजे मागे," गोदाम म्हणाला.

"पुढे राहतो मग."

"पुढे? मोटरनं पुढे?" गोदामनं सगळ्यांकडे बघितलं. "बघा, माणूस दोन्हीकडून तयार आहे."

आता हशा झाला. रंगाच्या दुकानातला एक जण म्हणाला, "कवळीकर, जन्मभर लोकांना खोटे दात लावलेस, आता स्वतःला खोटे पाय लावलेस. धंदा वाढवलास, आणखी काय." सर हे ऐकून सगळ्यांत जास्त हसले, अगदी तोंड उघडून. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या दिसल्या. एक क्षण कवळीकरांच्या जिभेवर वाक्य आलं. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं.

सरांनी वही उघडली आणि कवळीकरांच्याच अक्षरातलं वाक्य मोठ्यानं वाचलं. 'मोटर आली की माणूस गेला.' मग वही त्यांच्यापुढे फिरवून धरली. "अक्षर ओळखतोस?"

"माझंच आहे."

"वाक्य चांगलं आहे. मी तेव्हाही म्हटलं होतं." सरांनी ओला फडका त्यांच्या हातात दिला. "नावं तूच लिहितोस, तूच पूस. दुसऱ्या कुणी पुसलं तर फळा खराब होतो."

कवळीकरांनी पुसलं. हात कापला नाही. खाली राहिलेल्या नावांमध्ये मोकळी ओळ दिसायला लागली, तेव्हा सर म्हणाले, "आता खालची वर घे. फट बरी दिसत नाही." त्यांनी तीन नावं पुसून पुन्हा वर लिहिली. सगळ्यात शेवटचं नाव गोदामचं होतं.

साडेआठला ते औषधांच्या दुकानात गेले. बाई गल्ल्यापाशी होत्या. काउंटरवर चार गिऱ्हाईकं होती. बाईंनी चौघांना औषधं दिली, पाचवा आला, त्यालाही दिली. मग विचारलं, "बोला. काय देऊ?"

"काही नको. तुम्ही बुधवारी टेकडीवर जाता ना, तिघी."

"जातो."

"मलाही मोटरचीच सायकल आहे आता."

"ऐकलं. तेल कुठलं लावलंत जबड्याला, लवंगेचं?" बाई हसल्या नाहीत. "माझ्याकडून नेलं नाहीत तेव्हा. नेलं असतंत तर मी छातीचं विचारलं असतं."

"एकट्यानं चढायची परवानगी नाही मला. तुमच्या मागे राहीन."

"माझ्या मागे काय चिकटवायचात तुम्ही, माहीत आहे मला." त्यांनी गोळ्यांचं पाकीट खणात ठेवलं आणि खण बंद केला. "आम्ही तिघी आहोत. मधलीला अजून शेजारचे प्लगच्या मागची वायर म्हणतात. ते नावही तुम्हीच ठेवलं होतंत. ती तुमच्याबरोबर चढणार नाही आणि मी तिला सोडणार नाही."

"पाच वर्षं झाली त्याला."

"हो. मेण असं लागतं की कापडातून निघत नाही. मी ती पँट फेकली." मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमचं काय, दादा?"

कवळीकर तिथेच उभे राहिले. दादा खोकल्याचं औषध मागत होते. बाईंनी खोकला कोरडा की ओला ते विचारलं, बाटली दिली, किती चमचे ते सांगितलं. त्यानंतर कुणी नव्हतं, तरी त्यांनी वर बघितलं नाही.

घरी बायको कपडे वाळत घालत होती. तिनं त्यांचा चेहरा बघितला आणि दोनच प्रश्न विचारले.

"मंडळ?"

"पुसलं."

"बाई?"

"नाही म्हणाल्या."

तिनं हात पुसले आणि तळहात पुढे केला. त्यांनी मोटरची चावी दिली. तिनं ती आपल्या कचेरीच्या पर्समध्ये, ओळखपत्राच्या कप्प्यात ठेवली आणि चेन ओढली. उद्या सोमवार. तिची बस आठ दहाला सुटते आणि संध्याकाळी सहा वीसला परत येते.