म्हात्रे काकू आणि बॅटरीचा प्लॅन

लाईट गेली की म्हात्रे काकू आमचं दार वाजवायच्या. हातात एक्स्टेंशनचं वेटोळं असायचं. "पोरी, वायर घे. आमचे घरान हाय," एवढंच म्हणत. मी वायर आत ओढून बाबांच्या ऑक्सिजनच्या मशीनला जोडायची. मशीन पुन्हा घुरघुरायला लागलं की काकू उंबऱ्यातच बसकण मारत आणि पदराने मान पुसत.

जुईनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरासमोरची घरं वेगवेगळ्या फेजवर होती, त्यामुळे बरेचदा एकीकडची लाईट जायची आणि दुसरीकडची राहायची. बाबांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. मशीनशिवाय ते थोडा वेळही काढू शकत नसत. दोन्हीकडची लाईट गेलीच, तर घरात एक छोटा सिलिंडर होता. मी त्याची चावी फिरवायची आणि काकू बाबांच्या पाठीवरून हात फिरवत बसायच्या. "दादा, घाबरू नका. येल ती," असं लाईटबद्दल म्हणायच्या, जणू ती भाजी आणायला गेली आहे.

काकू मूळच्या खाडीकाठच्या गावातल्या. त्यांची शेती या शहराच्या पोटात गेली. "आमचे शेतान खांब पयला आला, घरान लाईट मंग आली," हे त्या रागाने नाही, माहिती दिल्यासारखं सांगत. मुलगा गावातल्या मोठ्या घरात राहायचा, त्याचा बांधकामाचा धंदा होता. काकू मात्र फ्लॅटमध्ये एकट्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तिथं सगली माझा ऐकतान. भांडाया कोन नाय."

मग सोसायटीने गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. महाप्याच्या एका कंपनीचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. प्लॅन दोन होते. पहिल्यात सोसायटीचं बिल चांगलंच कमी होणार होतं. दुसऱ्यात बॅटरी होती, म्हणून बचत कमी. सगळे बिलाबद्दलच विचारत होते. काकूंनी हात वर केला.

"लाईट गेली का मंग?"

"पहिल्या प्लॅनमध्ये सोलरपण बंद होतं, काकू. सेफ्टीसाठी तसंच असतं. बॅटरीवाल्यात लिफ्ट, जिना आणि प्रत्येक मजल्यावरचा एक प्लग चालू राहील."

"म्हंजे पयला सूर्य निस्ता बिलापुरता," काकू म्हणाल्या. लोक हसले. काकू हसल्या नाहीत. "सस्ती का म्हाग ते मंग बघू. आधी हाय का नाय ते सांगा. दादांना मशीन हाय, तुमाला सगल्यांना ठावं हाय."

कुणी विरोध केला नाही, पण निर्णयही झाला नाही. पुढच्या मीटिंगला बघू, असं ठरलं.

त्याआधीच बाबा गेले. दुपारी, जेवणानंतर. लाईट होती. मशीन नीट चालू होतं, नळी नाकाला होती, आणि ते गेले. मी काकूंना हाक मारली. त्या आल्या, बाबांच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी मशीनचं बटण बंद केलं. मला ते सुचलंच नव्हतं. घर इतकं शांत झालं, की खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू आला.

मी रडले नाही. नातेवाईक आले, गेले. मशीन भाड्याचं होतं, ते परत नेलं. मी लॅपटॉप उघडून काम करायला लागले. काकू रोज ताट आणून ठेवत आणि मी जेवेपर्यंत समोर बसत.

पुढच्या मीटिंगला मी गेले, कारण काकूंनी दार वाजवलं. चेअरमन घसा खाकरून म्हणाले, "आता तशी बॅटरीची गरज राहिलेली नाही. पहिला प्लॅन घेऊन टाकू." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "माझी काही हरकत नाही. पहिलाच घ्या." खरंच हरकत नव्हती. कशालाच नव्हती.

काकू उठल्या.

"तिला नका इचारू. तिला आता काय बी चालंल," त्या म्हणाल्या. "मना इचारा. मी हाय का नाय हिथं? माझा गुडघा हाय, लिफ्ट पायजे. वरचे मजल्यावरची सून पोटुशी हाय. एक मानूस गेला म्हनून बिल्डिंगमधली सगली धडधाकट झाली काय?"

मग वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंच्या सासऱ्यांनी हात वर केला. त्यांच्यामागे एकेक हात वर होत गेले. मी शेवटी केला. हात जड वाटला, एवढं आठवतं.

लिफ्टमध्ये काकू म्हणाल्या, "माझ्यावर रागवलीस?" मी मानेनेच नाही म्हटलं. "राग येल तवा सांग," त्या म्हणाल्या. "मना बरा वाटंल."

बॅटरी बसली. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी काकू गावच्या घरी गेल्या असताना झोपेत गेल्या. त्यांच्या मुलाचा फोन आला. मी रिक्षा करून पोचले तेव्हा अंगण बायकांनी भरलं होतं. मी फाटकाशीच थांबले. तेव्हाही डोळ्यांत पाणी नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईने वळून विचारलं, "तू कोन लागतस तिची?"

"समोरच्या दारातली," मी म्हणाले.

ती बाजूला सरकली. पुढच्या बायकांना तिने हाताने बाजूला केलं आणि मला थेट काकूंच्या उशाशी नेऊन बसवलं.