वन्संचा वाल्व

आमच्या वन्संच्या तावडीतून एकदाच वापरून सुटलेली वस्तू मी आजवर पाहिलेली नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्या आणि उस्मानपुऱ्यात आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायला आल्या. जुन्या साडीची पिशवी, पिशवीचं पायपुसणं आणि पायपुसण्याचं गाडी पुसायचं फडकं, एवढा प्रवास त्यांच्या घरात प्रत्येक कापडाला करावाच लागे. शिळ्या पोळीचा कुस्करा सगळेच करतात. वन्सं उरलेल्या कुस्कऱ्याचे वडे करत, आणि ते चांगले लागत हाच खरा वैताग होता. दुष्काळाच्या त्या लागोपाठच्या वर्षांत तर त्यांना चेवच चढला. शहर बायपासच्या पलीकडं पसरत चाललं होतं, जिकडं तिकडं नव्या इमारती उठत होत्या, आणि नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा. वन्सं तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी कॅनमध्ये साठवत. पाहुणा अर्धा पेला ठेवून उठला, तर त्याच्या डोळ्यांदेखत तो पेला कॅनमध्ये रिकामा होई. पुढच्या वेळी तहान असेल तेवढंच मागा, असं त्यांनी माझ्या सख्ख्या भावाला ऐकवलं. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

हे पाणी जायचं देवगाव रंगारीला. सासऱ्यांनी तिथली जमीन विकली तेव्हा वन्संनी हट्टानं एक तुकडा मागं ठेवायला लावला आणि त्यात मोसंबी लावली. पुढं विहीर आटली, झाडं एकेक करून वाळली आणि चारच उरली. गावात टँकर यायचा तो माणसांपुरता. ही चार पावसापर्यंत न्यायचीच, एवढंच वन्सं म्हणाल्या, आणि दर रविवारी आपल्या डिझेल गाडीची मागची सीट काढून, कॅन भरून, सोबतीला मला घेऊन निघू लागल्या. मी कधी हो म्हटल्याचं मला आठवत नाही.

अन् नेमकी तेव्हाच गाडी खोकायला लागली. सिग्नलला थरथरायची, मागून काळा धूर सोडायची, आणि चढ आला की तिचा जीव जायचा. नेहमीच्या मेकॅनिकनं सांगितलं, ईजीआर वाल्व गेलाय. इंजिनातून निघालेल्या धुरातला थोडा धूर हा वाल्व परत इंजिनात सोडतो. खोदलेल्या रस्त्यांवर टँकरच्या मागं रखडत चालवून तो काजळीनं चोंदला होता. नवा मागवायला वेळ लागणार होता. तोवर त्यानं सोपा उपाय सुचवला. "बाई, पत्रा लगाके बंद कर देता. सब यहीच करते." वन्संनी विचारलं, म्हणजे वापरलेला धूर परत वापरायची सोयच बंद करायची? तो हो म्हणाला.

"नक्को," वन्सं म्हणाल्या. "सगळ्या गाडीत एवढा एकच भाग माझ्यासारखा वागतोय, त्यालाच बंद करू व्हय?"

वाल्व काढून घेऊन त्या घरी आल्या. घरी म्हणजे माझ्या घरी, कारण त्यांच्या ओट्यावर कॅन होते. माझ्या दुधाच्या पातेल्यात चिंचेचं पाणी करून त्यांनी तो पितळेच्या समईसारखा आख्खा बुडवला आणि माझ्या नवऱ्याच्या टूथब्रशनं घासला. नवऱ्यानं वर्तमानपत्र आणखी वर धरलं. काजळी निघाली, वाल्व लखलखला. पण त्याला एक विजेची मोटार असते आणि तिला चिंचेची आंघोळ सोसत नाही, हे मेकॅनिकनं दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावून सांगितलं. तरी त्यानं तो बसवला. पत्र्याचं नाव पुन्हा काढायची त्याची हिंमत झाली नाही. नवा येईपर्यंत चढावर नेऊ नका, एवढं मात्र त्यानं बजावलं.

रविवारी आम्ही निघालोच. मी नाही म्हणून पाहिलं. झाडांची पानं मुडपलीत, आणखी एक आठवडा ती काढणार नाहीत, असं वन्सं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की मी मुकाट्यानं चपला घातल्या. दौलताबादच्या जुन्या दरवाज्यातल्या गर्दीत गाडी बंद पडली, चालू झाली, पुन्हा बंद पडली. खुलताबादचा घाट लागला तसा स्टिअरिंगमागं इंजिनाचा पिवळा दिवा पेटला, मागं धुराचा लोट उठला, आणि मधल्याच वळणावर गाडी उभी राहिली. मागून आलेला जीपवाला भल्या मनाचा होता. लई वजन हाय, थोडे कॅन ओता, मग चढंल, असं त्यानं सुचवलं. वन्संनी वळून कॅनकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हाही अंगानं भरलेलीच होते.

"तू उतर गं," त्या म्हणाल्या. "पाणी राहू दे."

मी उतरले. भर उन्हात तो घाट मी पायी चढले. पुढं त्यांची गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत माझ्याच चालीनं चाललेली, आणि तिचा सगळा धूर माझ्या तोंडावर. वाल्वनं गिळायचा तो धूर त्या दिवशी मी गिळला. वर पोचल्यावर काय काय बोलायचं ते मनात पक्कं केलं होतं, सासऱ्यांपासून सुरुवात करणार होते. माथ्यावर वन्सं दार उघडून उभ्या होत्या. माफी वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हती. त्यांनी स्वतःच्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी पेलाभर ओतलं आणि पुढं केलं. मी अर्धं प्यायले, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, उरलेलं मागच्या कॅनमध्ये ओतलं. देवगावपर्यंत वन्सं गालातल्या गालात हसत होत्या.

चारांतली तीन झाडं वाचली. नवा वाल्व आला, पाऊस आला, आणि पुढच्या बहाराची पहिली मोसंबी वन्संनी माझ्या हातावर ठेवली. ही तुझ्या घाटाची, म्हणाल्या. संध्याकाळी तिची सालं परत न्यायला आल्या, भांडी घासायला.

आता वन्सं नाहीत. गाडी माझ्याकडं आलीय आणि उन्हाळ्यात कॅन घेऊन देवगावला मीच जाते. मेकॅनिक म्हणतो, गाडी अजून ठणठणीत आहे. त्या वळणावर ती जराही न कण्हता चढते. एका माणसाचं वजन कमी झालंय ना. मला ते मुळीच आवडत नाही. शेजारच्या सीटवर आता कुणीच नसतं, आणि उतर म्हणून सांगणारंही कुणी राहिलं नाही.