नवसाच्या बोकडाचा पांढरा ठिपका

"म्याडम, केस काळेच आले पाह्यजेत. देवाचा बोकड हाय."

जवळा बाजारच्या आमच्या गुरांच्या दवाखान्यात नामदेवराव बोकडाला धरून उभे होते. कुंपणाच्या तारेनं त्याच्या खांद्याचं कातडं फाटलं होतं. त्यांच्या नवसाला बोकड अंगभर काळा लागतो, एक पांढरा केस चालत नाही. मागं त्यांची बायको, गयाबाई. शेळी मेल्यावर हा बोकड त्यांनीच बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. त्या नुसत्या त्याचे कान कुरवाळत होत्या. मला कसंतरीच झालं. पण मी गुरांची डॉक्टर, नवसात काय बोलणार?

जखम वरवरची होती. धुतली, मलम लावलं आणि समजावलं, "कडेच्या पेशी एकाच्या दोन होत मधे सरकतात. केसाच्या मुळाशी राखीव पेशी असतात, त्या कातडं भरून काढतात आणि केसही उगवतात. रंग देणाऱ्या पेशी मात्र वेगळ्या, लई नाजूक. त्या मेल्या की केस येतो, पण पांढरा. मलमाशिवाय काही लावू नका."

"व्हय, व्हय," नामदेवराव म्हणाले. व्हय म्हणायला काय जातं!

पुढच्या बाजाराला बोकड आला तो खांद्यावर काळा चिकटा घेऊन. वारंगा फाट्याच्या गॅरेजातलं जळकं ऑइल.

"हे काहून लावलं?"

"केस काळे यावं म्हणून."

मी कपाळाला हात लावला. ऑइलनं नव्या पेशी मारून जखम आणखी खोल नेली होती. नामदेवरावांना चांगलं फैलावर घेतलं.

"जगंल ना लेकरू?" गयाबाईंनी हळूच विचारलं.

"जगेल."

परत धुणं, मेलेलं कातडं काढणं, ड्रेसिंग. जखम भरली. केसही आले. दाट, मऊ आणि पांढरेशुभ्र.

नामदेवरावांचं तोंड उतरलं. "कलप लावावं काय, म्याडम?"

मी बोलायच्या आत गयाबाई कडाडल्या, "देवाला फशिवता काय?"

नामदेवराव देवळात गुरवाला विचारायला गेले. शेवटी गुरवानं नारळावर नवस फेडून दिला. मला एवढा आनंद झाला की त्या दिवशी मीच सगळ्यांना चहा पाजला.

परवा लसीकरणाला त्यांच्या वाडीवर गेले, तर तोच बोकड माझी ओढणी चघळून राहिला होता.

जखमेला जळकं ऑइल लावू नका, हे मी आजही सगळ्यांना बजावते. गयाबाई जवळ असल्या की जरा हळू आवाजात.