बेबाबाईच्या व्हॅनमधला पिवळा दिवा

बेबाबाईला राग आला की ती भांडत नसे. ती गप्प बसायची आणि वाट पाहायची. पाचोऱ्यात शाळेची मुलं नेणाऱ्या तिच्या जुन्या व्हॅनमध्ये दिवाळीनंतर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला, तेव्हा मात्र राग कुणावर धरायचा हेच तिला ठाऊक नव्हतं.

तिने आधी माहेरच्या हिलाल मिस्तरीला फोन केला. दिवाळीत क्लच बदलायला गाडी दोन दिवस त्याच्याकडेच होती. एरंडोलजवळच्या त्या खेड्यात हिलालचं घर खालच्या गल्लीत, हिचं माहेर वरच्या. गावचा भाऊ म्हणून ती त्याचं काम कधी तपासायची नाही.

"जुनी गाडी शे अक्का, दिवा लागस. ध्यान नको दे," हिलाल म्हणाला. पुढच्या खेपेला त्याने दिव्यावर काळी टेपही चिकटवून दिली.

पण जूनआधी गाडीचं पासिंग होतं. धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली. पासिंग नाही तर शाळेचं काम नाही, आणि चौदा मुलांच्या त्या फेरीवरच तिचं घर चालत होतं. एका मिस्तरीने प्लग बदलले, दुसऱ्याने सेन्सर. दिवा तीन दिवस विझायचा, चौथ्या दिवशी पुन्हा हजर. चारचौघांत लोक म्हणू लागले, बाईमाणसाला गाडी सांभाळणं जमायचं नाही. तेही तिने मनात ठेवलं.

शेवटी ती जळगावला गेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्तरीने मशीन लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. सायलेन्सरच्या आधी धूर गाळायचा डबा असतो; त्याच्या अलीकडचा सेन्सर आणि पलीकडचा सेन्सर एकच सांगत होते, म्हणजे डब्यात धूर गाळणारं काही उरलंच नव्हतं. त्याने पान्ह्याच्या दांडीने डबा वाजवला. रिकामी घागर वाजावी तसा आवाज आला. बेबाबाई पदर खोचून स्वतः गाडीखाली शिरली. डबा कापून पुन्हा वेल्डिंग केलेलं होतं, आणि ते जुनं नव्हतं.

"आत जाळी असते बाई. तिच्या मातीत प्लॅटिनमसारखे धातू असतात, फार महाग विकली जाते," म्हातारा म्हणाला. "दिवा लागायच्या आधी गाडी कुणाच्या हातात होती?"

नंतरच्या दोघा मिस्तरींनी नुसतं बॉनेट उघडलं होतं; दिवाळीपासून गाडीखाली एकच माणूस शिरला होता, हिलाल. बेबाबाईच्या अंगाची आग आग झाली. चोरी झाली याचं तिला तितकं दुःख नव्हतं; बहिणीची गाडी पोखरून वर तिच्याच डोळ्यांवर टेप लावली, हे तिला सहन होईना. पोलिसांत जा, असं सगळे म्हणाले. तिने नकारार्थी मान हलवली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती.

आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि दोन्ही गल्ल्यांच्या बाया गाण्यातून एकमेकींचा उद्धार करतात. त्या दिवशी गाण्यातल्या बोलाचा राग धरायचा नाही आणि उत्तर द्यायचं ते गाण्यातच, नाहीतर गल्ली हरली. खालच्या गल्लीची म्होरकी होती हिलालची सख्खी बहीण ज्योती, बेबाबाईची शाळेपासूनची मैत्रीण. बेबाबाईने झोका उंच चढवला आणि गळा मोकळा सोडला:

"खालनी गल्लीना मिस्तरी भाऊ,
बहिननी जाळीना कया त्यानी खाऊ,
डबा पोकळ, पत्रा रिकामा,
अशा भाऊले म्हनू नका मामा."

वरची गल्ली हसून लोटपोट झाली. ज्योतीचा झोका मात्र थांबला. तिने कडेला उभ्या भावाकडे पाहिलं, भावाने जमिनीकडे. खालची गल्ली हरली. मांडे आणि आमरसाचं ताट तसंच सोडून ज्योती त्याच दुपारी सासरी निघून गेली. बेबाबाईला ज्योतीचं फार वाईट वाटलं. हिलालचं काडीचंही नाही.

तिसऱ्या दिवशी हिलाल नवा डबा घेऊन पाचोऱ्याला आला. बेबाबाई खुर्ची टाकून शेजारी बसली आणि प्रत्येक बोल्ट त्याच्याकडून दोनदा आवळून घेतला. जुना डबा मागून घेतला. दिवा विझला तो विझलाच. पंधरा दिवसांनी गाडी पास झाली.

हात पुसत हिलाल मात्र डबा बसवला त्याच दिवशी हळूच म्हणाला, "अक्का, ज्योती फोन उचलत नही. आते ते गानं बंद कर."

बेबाबाईने गाडीची किल्ली उचलली.

"ते गानं मन्हं नही ऱ्हायनं भाऊ," ती म्हणाली. "आख्खा गावनं व्हई गयं."